लंडनची संग्रहालयं: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मे महिन्याच्या शेवटी चार दिवस लंडनला आहोत. सोबत आठ वर्षांचा मुलगा आहे. यादीत अकरा संग्रहालयं झाली आहेत. सगळी बसतील का? आणि खरंच फुकट असतात का?
— एक वाचक, पुणे

अकरा बसणार नाहीत. चार नीट बसतील, पाचवं ओढूनताणून.

फुकटाचं आधी सांगतो. ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (पुढे व्ही अँड ए), नॅचरल हिस्ट्री, सायन्स म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि टेट मॉडर्न या सहाही ठिकाणी कायमचा संग्रह पाहायला पैसे पडत नाहीत. तिकीट असतं ते तात्पुरत्या खास प्रदर्शनांना. दारात देणगीची पेटी असते आणि कर्मचारी कधी विचारतातही, पण देणगी ऐच्छिक आहे. काही संग्रहालयांच्या संकेतस्थळावर वेळ ठरवून शून्य पौंडांचं तिकीट काढता येतं, ते जरूर काढा. मात्र संग्रहालयाच्या स्वतःच्याच संकेतस्थळावरून काढा. ‘रांग टाळा’ म्हणून फुकट जागेचं तिकीट पैशांना विकणाऱ्या त्रयस्थ साइट भरपूर आहेत, आणि सुरक्षा तपासणीची रांग त्यांच्या तिकिटालाही चुकत नाही.

प्रवेश फुकट असल्यामुळे एकाच जागी दिवसभर तंगडतोड करायची गरज उरत नाही. दोन तास पाहावं, बाहेर पडावं, मन भरलं नसेल तर दुसऱ्या दिवशी परत यावं. सलग पाच तास आत काढणाऱ्यांना शेवटच्या दोन तासांतलं काही आठवत नाही, हे आम्ही पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

आखणी भागांप्रमाणे करा. साउथ केन्सिंग्टनला व्ही अँड ए, नॅचरल हिस्ट्री आणि सायन्स म्युझियम अगदी एकमेकांसमोर आहेत. ब्रिटिश म्युझियम ब्लूम्सबरीत आणि नॅशनल गॅलरी ट्रफाल्गर चौकात. ही दोन एकमेकांपासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. रोजची वेळ साधारण सकाळी 10 ते संध्याकाळी 5 किंवा 6. शुक्रवारी मात्र ब्रिटिश म्युझियम रात्री 8.30 पर्यंत, नॅशनल गॅलरी 9 पर्यंत आणि व्ही अँड ए 10 पर्यंत उघडं असतं. शुक्रवार एकच मिळणार असेल तर तो ब्रिटिश म्युझियमला द्या. पाच वाजल्यानंतर तिथली गर्दी ओसरते आणि दुपारी ज्या कपाटापुढे चार रांगा उभ्या असतात तिथे निवांत उभं राहता येतं.

मेच्या शेवटच्या आठवड्याबद्दल सावध करतो. त्या महिन्यातला शेवटचा सोमवार ही तिथली सार्वजनिक सुट्टी, आणि बहुतेक इंग्लिश शाळांनाही तोच आठवडा सुट्टी असते. नॅचरल हिस्ट्रीचं डायनोसॉर दालन तेव्हा मुलांनी गच्च भरतं. सकाळी दहाची वेळ घ्या, आत शिरल्याबरोबर डायनोसॉर उरका आणि मग मधल्या मोठ्या हॉलमध्ये या. तिथे छताला 25.2 मीटर लांबीच्या निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगला आहे. 2017 पासून तो तिथे आहे, त्याचं नाव ‘होप’. वरच्या सज्जातून पाहिला की त्याची खरी लांबी कळते. मुलात अजून दम असेल तर शेजारच्या सायन्स म्युझियममध्ये अपोलो 10 चं यान दाखवा. 1969 मध्ये चंद्राभोवती फिरून आलेलं हेच ते यान. प्रवास एक-दोन आठवडे आधी नेता आला तर उत्तम. शाळा चालू असताना सकाळी सहलींचे घोळके असतात, पण दुपारी दोननंतर ते पांगतात.

24, 25 आणि 26 डिसेंबरला ही बहुतेक संग्रहालयं बंद असतात, हे हिवाळ्यात जाणाऱ्यांनी टिपून ठेवावं. 25 तारखेला ट्यूब (तिथली भुयारी रेल्वे) आणि बसही धावत नाहीत.

व्ही अँड ए मध्ये शिवाजी महाराजांची वाघनखं पाहायला मिळतील का? आणखी आपल्याकडचं काय आहे?
— एक वाचक, सातारा

वाघनखांसाठी लंडनला जाऊ नका. तीन वर्षांच्या कराराने ती जुलै 2024 मध्ये महाराष्ट्रात आली आणि पहिल्यांदा तुमच्याच गावातल्या संग्रहालयात मांडली गेली. करारात साताऱ्यानंतर नागपूर, कोल्हापूर आणि मुंबई ही ठिकाणं होती. सध्या ती कुठे आहेत हे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे विचारून घ्या.

ही वाघनखं ईस्ट इंडिया कंपनीचा साताऱ्यातला प्रतिनिधी (रेसिडेंट) जेम्स ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या वंशजांकडे आणि तिथून संग्रहालयात गेली. ती महाराजांची असल्याचा मजकूर त्यांच्या डबीवर आहे. पण 1659 च्या अफझलखान भेटीत वापरलेली ती हीच, असं खात्रीने सांगता येत नाही ही संग्रहालयाची स्वतःची भूमिका आहे. दोन्ही गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या.

दक्षिण आशियाच्या वस्तूंचं दालन क्रमांक 41 चं. त्याची संपूर्ण नवी मांडणी करायचं संग्रहालयाने ठरवलं आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी दालन उघडं आहे का ते पाहणं आवश्यक आहे. त्याची पद्धत सोपी आहे. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर संग्रह शोधायची वेगळी जागा आहे. तिथे वस्तूचा नोंद क्रमांक टाकला की ती सध्या मांडलेली आहे की नाही आणि असेल तर कोणत्या खोलीत, हे दिसतं. तीन क्रमांक देतो, त्यांतलं ‘आयएस’ इंग्रजी अक्षरांत (IS) टाका.

टिपूचा वाघ, 2545(आयएस). गोऱ्या शिपायाच्या नरड्याला धरलेला, सुमारे पावणेदोन मीटर लांबीचा लाकडी वाघ. पोटात ऑर्गन आहे. हँडल फिरवलं की वाघ गुरगुरतो, माणूस विव्हळतो आणि त्याचा हात हलतो. 4 मे 1799 ला श्रीरंगपट्टण पडल्यावर तो लुटीत गेला. आता तो वाजवून दाखवत नाहीत, म्हणून आवाजाचं ध्वनिमुद्रण आधी घरीच ऐकून जा. बाजूने पाहताना कुशीच्या आतला ऑर्गन कुठे बसतो तेही बघा.

महाराजा रणजितसिंहांचं सिंहासन, 2518(आयएस). आतून लाकूड आणि राळ, वरून सोन्याचा पत्रा. खालची बैठक कमळाच्या दोन थरांच्या पाकळ्यांची आहे.

शाहजहानचा मद्याचा प्याला, आयएस.12-1962. पांढऱ्या जेडचा, 1657 मधला. तळाशी कमळ, मुठीला मान वळवलेल्या बोकडाचं डोकं. आकाराने लहान असल्याने टिपूच्या वाघाकडे धावणाऱ्यांच्या नजरेतून तो हमखास निसटतो. एकच वस्तू पाहायला वेळ असेल तर आमचं मत या प्याल्याला. दगड इतका पातळ कोरला आहे की उजेड आरपार येतो.

वस्तू प्रदर्शनात नसेल तर हताश होऊ नका. मे 2025 मध्ये पूर्व लंडनच्या ऑलिम्पिक पार्कमध्ये व्ही अँड ए चं भांडार लोकांसाठी खुलं झालं. तिथे साठ्यातल्या वस्तू आगाऊ मागवून समोर पाहण्याची सोय आहे, एका भेटीत पाच वस्तूंपर्यंत. मागणी किमान दोन आठवडे आधी नोंदवावी लागते. म्हणजे हे काम लंडनला पोचल्यावर करायचं नाही, इथून निघण्यापूर्वी करायचं.

आईवडील दोघंही सत्तरी ओलांडलेले. बाबांचे गुडघे दुखतात. ब्रिटिश म्युझियम तीन तासांत, जिने न चढता कसं दाखवावं?
— एक वाचक, नाशिक

समोरच्या, ग्रेट रसेल स्ट्रीटच्या दाराऐवजी मागचं मॉन्टेग्यू प्लेसचं दार गाठा. तिथली रांग बहुतेक वेळा लहान असते आणि आत शिरल्यावर जवळच भारताचं दालन लागतं. उतारवयातल्या माणसांचे पाय ताजे असताना आपल्या ओळखीच्या मूर्ती समोर येतात, हा मोठा फायदा. चाकांच्या खुर्च्या मागितल्यावर मिळतात. घडीचं स्टूल मिळालं तर तेही घ्या, कारण दालनात बाक नेमके हवे तिथे नसतात.

पहिला पाऊण तास खोली 33 आणि 33अ. 33 मध्ये चोळकालीन नटराज आहे, आणि श्रीलंकेतली सोन्याचा मुलामा दिलेली, तारा या बौद्ध देवीची आठव्या शतकातली मूर्ती. 33अ ही अमरावतीच्या स्तूपाची काचबंद खोली. आंध्रात कृष्णेच्या काठी असलेला हा स्तूप सातवाहनांच्या काळात बहरला, त्याच सातवाहनांच्या काळात ज्यांची राजधानी आपलं पैठण होती. वॉल्टर इलियटने 1845 मध्ये तिथे खोदकाम केलं, शिल्पं 1859 मध्ये लंडनला पोचली आणि 1880 पासून या संग्रहालयात आहेत. महाबळेश्वरला जिचा उगम पाहिला त्या नदीच्या काठचे हे चुनखडीचे दगड आहेत, एवढं सांगितलं तरी आईबाबा तिथे रेंगाळतील. स्तूपाच्याच शिळेवर स्तूपाचं चित्र कोरलेला एक फलक आहे. मूळ वास्तू कशी दिसायची ते त्यावरून समजतं, म्हणून आधी तो पाहा आणि मग बाकीचे.

तिथून खोली 24 मधून मधल्या मोठ्या छतबंद चौकात या. वाटेत ईस्टर बेटावरचा मोआई पुतळा लागेल. पायऱ्या आल्या की लिफ्ट विचारा, कर्मचारी दाखवतात. चौकात अर्धा तास बसा, स्वच्छतागृह उरका.

दुसरा टप्पा चौकाच्या पश्चिमेला. खोली 4 मध्ये रोझेटा शिला. इसवी सनापूर्वी 196 मधला एकच आदेश दोन भाषांत आणि तीन लिप्यांत कोरलेला आहे, आणि चित्रलिपी वाचायची किल्ली त्यातून सापडली. तिच्याभोवती कायम कोंडाळं असतं. पुढून जागा मिळाली नाही तर मागून बघा, आणि हाताने चाचपून पाहायची असेल तर खोली 1 मध्ये तिची प्रतिकृती उघडी ठेवली आहे. तिला हात लावायला परवानगी आहे, वृद्धांना ते जास्त आवडतं.

शेजारच्या खोली 10 मध्ये अश्शूरच्या राजाच्या सिंहशिकारीचे शिलापट आहेत. बाण लागून मागचे पाय ओढणारी सिंहीण शोधा. खोली 18 मध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं. एवढ्यात तीन तास संपतात. ममींच्या 62-63 या खोल्या वरच्या मजल्यावर, सर्वांत जास्त गर्दीच्या. गुडघे दुखणाऱ्यांना तिथे नेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. नातवंडांचा हट्टच असेल तर लिफ्टने, तेही शुक्रवारी संध्याकाळी.

येण्याजाण्याला ट्यूबपेक्षा बस बरी. मध्य लंडनच्या कित्येक ट्यूब स्थानकांत लिफ्ट नाही, साउथ केन्सिंग्टनलाही जिने आहेत. बस खाली झुकते, फळी लावता येते. 14 क्रमांकाची बस साउथ केन्सिंग्टनहून रसेल स्क्वेअरकडे येते. तिथून मॉन्टेग्यू प्लेसचं दार काही मिनिटांवर आहे.

ट्यूबसाठी कार्ड कोणतं? मागच्या वेळी दिवसाच्या कमाल भाड्याहून जास्त पैसे कापले गेले, कारण कळलं नाही.
— एक वाचक, ठाणे

नव्वद टक्के वेळा कारण एकच: आत जाताना फोन टेकवला, बाहेर पडताना प्लास्टिकचं कार्ड. दोन्ही एकाच खात्याची असली तरी यंत्राला ती दोन वेगळी कार्डं. मग दोन अर्धवट प्रवास नोंदले जातात आणि दोन्हींना सर्वाधिक भाडं लागतं. दिवसाची कमाल मर्यादाही कार्डागणिक मोजली जाते, त्यामुळे तिचाही लाभ जातो. एका माणसाने एकच साधन, सकाळपासून रात्रीपर्यंत. पाकीट अख्खं टेकवू नका, आतलं दुसरंच कार्ड वाचलं जातं. नवराबायकोंना एका कार्डावर दोघांना जाता येत नाही.

ट्यूबला आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा टेकवायचं. बसला फक्त चढताना. बसमध्ये रोख चालत नाही.

भारतातून निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये दोन खटके चालू करा: आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ते मुळात बंद असतात, आणि दाराशी लाल दिवा लागतो तो यामुळेच. व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस चालतात. रुपे आणि यूपीआयवर विसंबू नका. दिवसभराचा हिशेब रात्री एकत्र होऊन कापला जातो, म्हणून एसएमएस उशिरा आला तर घाबरू नका. परकीय चलनाचा अधिभार बहुतेक बँका 2 ते 3.5 टक्के लावतात. फॉरेक्स कार्ड कॉन्टॅक्टलेस असेल तर तेच वापरा. काहीच चालेना तर स्थानकावर ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) घ्या.

2025 मध्ये बसचं भाडं 1.75 पौंड होतं, आणि पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी पुन्हा पैसे पडत नाहीत. भाड्यासाठी शहराचे झोन पाडले आहेत, मध्य लंडन म्हणजे झोन 1. झोन 1-2 ची दिवसाची मर्यादा त्या वर्षी 8.90 पौंड होती. व्ही अँड ए चं पूर्व लंडनमधलं भांडार सोडलं तर ही सगळी संग्रहालयं झोन 1 मध्येच आहेत. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत फुकट, रुंद फाटकातून जायचं. 11 ते 15 वयाच्या मुलांना ऑयस्टर कार्डावर चौदा दिवसांपर्यंत सवलत लावून मिळते. ती स्थानकावरच्या कर्मचाऱ्याकडे मागावी लागते, आपोआप लागत नाही.

कोहिनूर पाहायला टॉवर ऑफ लंडनचं महागडं तिकीट काढावं का?
— एक वाचक, कोल्हापूर

फक्त कोहिनूरसाठी नको. 2025 मध्ये मोठ्यांचं तिकीट 35 पौंडांच्या आसपास होतं. त्यात नऊशेहून अधिक वर्षांचा किल्ला, शस्त्रागार आणि पहारेकऱ्यांनी हिंडवून सांगितलेली माहिती धरली तर पैसे वसूल होतात, पण त्याला अर्धा दिवस लागतो.

कोहिनूर 1937 मध्ये तेव्हाच्या राणी एलिझाबेथ, म्हणजे पुढच्या ‘क्वीन मदर’, यांच्यासाठी घडवलेल्या मुकुटात बसवला आहे. 1849 च्या लाहोर तहाने तो दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून घेतला गेला. 186 कॅरेटचा हिरा 1852 मध्ये पुन्हा पैलू पाडून 105.6 कॅरेटचा केला. म्हणूनच तो अपेक्षेपेक्षा लहान वाटतो. राजदंडावरचा ‘कलिनन पहिला’ हा हिरा 530.2 कॅरेटचा आहे, लोक त्यालाच कोहिनूर समजून बाहेर पडतात. कपाटाखालची पाटी वाचा.

मुख्य मुकुटांपुढे सरकता पट्टा आहे, तुम्हाला थांबता येत नाही. किल्ला उघडल्याबरोबर आधी रत्नांचं दालन गाठलं तर पट्ट्यावरून दोनदा-तीनदा जाता येतं. अकरानंतर बाहेरच लांब रांग लागते. आत छायाचित्रं काढता येत नाहीत. अंगणात दगडगोटे आहेत, चपला नकोत. परतताना 15 क्रमांकाची बस सेंट पॉल्सवरून ट्रफाल्गर चौकाकडे नेते.

बाबासाहेबांचं घर आणि आपल्या माणसांच्या इतर जागा एका दिवसात होतील का?
— एक वाचक, नागपूर

होतील, बुद्धीने क्रम लावला तर. 10, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब 1921-22 मध्ये राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते 2015 मध्ये विकत घेतलं आणि त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला त्याचं उद्घाटन झालं. नॉर्दर्न लाइनच्या चॉक फार्म स्थानकावरून चालत काही मिनिटं. शांत वस्तीतली गल्ली आहे, मोठ्या गटाने गेलात तर बाहेर घोषणा किंवा गोंगाट नको. शेजाऱ्यांच्या तक्रारींचा त्रास या स्मारकालाच होतो. भेटीच्या वेळा आदल्या दिवशी तपासा. बाबासाहेबांनी शिक्षण घेतलेली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही जागा होबर्नच्या आसपास, ब्रिटिश म्युझियमपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. म्हणून सकाळी घर आणि दुपारी हे दोन, असा क्रम ठेवा. जाता जाता टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमधला गांधीजींचा पुतळाही होतो.

लोकमान्य टिळक पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलविरुद्धच्या बदनामीच्या खटल्यासाठी आले तेव्हा 1918-19 मध्ये 10, हाउली प्लेस इथे राहिले. बेकरलू लाइनचं वॉर्विक ॲव्हेन्यू स्थानक. सावरकर राहिले ते इंडिया हाउस 65, क्रॉमवेल ॲव्हेन्यू, हायगेट इथे. दोन्ही घरांवर फलक आहेत, पण दोन्ही खासगी आहेत. रस्त्यावरूनच पाहायचं, घंटी वाजवायची नाही. हायगेट उत्तरेला, टिळकांचं घर पश्चिमेला. एका दिवसात दोन्ही घेतलीत तर संध्याकाळ होते.

अजिंठ्याच्या चित्रांच्या जुन्या नकला लंडनला आहेत म्हणे. पाहता येतात का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

मेजर रॉबर्ट गिलने 1844 पासून वर्षानुवर्षं केलेल्या नकला 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. नंतर मुंबईच्या कलाशाळेतल्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन 1872 ते 1885 दरम्यान पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. उरलेल्या व्ही अँड ए कडे आहेत, पण भिंतीवर लावलेल्या नाहीत. संकेतस्थळावर त्यांची छायाचित्रं आहेत. आज लेण्यात जिथे रंग उडाला आहे तिथे काय होतं हे या नकलांत दिसतं, म्हणून लंडनला जा किंवा न जा, अजिंठ्याला जाण्यापूर्वी ती जरूर पाहा.

डबा नेता येतो का?
— एक वाचक, डोंबिवली

नेता येतो, दालनात खाता येत नाही. व्ही अँड ए च्या मधल्या बागेत, किंवा ब्रिटिश म्युझियमजवळच्या रसेल स्क्वेअर उद्यानात बसा. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी असं न सांडणारं न्या. पाण्याची बाटली चालते. पाठीवरची पिशवी लहान ठेवा. ब्रिटिश म्युझियममध्ये 40 × 40 × 50 सेंटिमीटर आणि 8 किलोंपेक्षा मोठं सामान घेत नाहीत, आणि चाकांची बॅग तर क्लोकरूममध्येही ठेवून घेत नाहीत. हॉटेल सोडल्यावर विमानाआधी संग्रहालय पाहायचं असेल तर बॅग हॉटेलमध्येच ठेवा.